बाथरूममधला वकील

मी कॉलेजातून परतलो तेव्हा जिन्यावर इतकी गर्दी होती की मला वाटलं, आग लागली. मग लक्षात आलं, माणसं खाली पळत नाहीयेत, वर चढतायत. म्हणजे प्रकरण आगीपेक्षा गंभीर होतं.

सगळ्यांची तोंडं माझ्याच दाराकडे होती. वरच्या मजल्यावरचे पेन्शनर काका आपल्याला गुडघ्यांमुळे वाकता येत नाही असं भेटेल त्याला सांगायचे. ते आता चांगले दुमडून माझ्या कुलपाच्या भोकाला कान लावून उभे होते. शिवणकाम करणाऱ्या मावशी गळ्यातली टेप काढायचंही विसरल्या होत्या. आणि दाराला अगदी चिकटून, फरशीवर, माझ्या घरमालकीण काकू बसल्या होत्या. दोन्ही तळवे दारावर टेकवून, जणू दाराला ताप आलाय.

"काय झालं?" मी विचारलं.

"श्शू!" काका म्हणाले. "ती बोलतेय."

"कोण ती?"

"कोण म्हणजे? काकूंची मुलगी!"

काकूंची मुलगी गेल्या वर्षी रस्त्यावरच्या अपघातात गेली होती. मी तिला फक्त भिंतीवरच्या फोटोत पाहिलेलं. मी तोंड उघडणार तेवढ्यात माझ्या बंद खोलीतून एक तरुण, स्वच्छ, घाईतला आवाज आला.

"आई, मी निघाले गं. जेवायला थांबू नकोस."

आणि पुढे एक छोटंसं हसू.

काकूंनी दाराला कपाळ टेकलं आणि त्यांच्या तोंडून जो आवाज निघाला, तो मी इथे लिहीत नाही.

आता माझी अडचण समजून घ्या. खोलीत मुलगी नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. खोलीत कोण आहे, हेही ठाऊक होतं. पण ते सांगितलं असतं तर त्याच संध्याकाळी मी सामानासकट रस्त्यावर आलो असतो.

खोलीत वकील होता.

वकील म्हणजे आमचा पोपट. राखी रंगाचा, शेपूट तेवढी लाल. नाव वडिलांनी ठेवलं, कारण हा प्राणी स्वतःचं असं काही बोलत नाही, कायम दुसऱ्याच्या वतीने बोलतो. वडिलांचा खोकला, कुकरची शिट्टी, आणि आईच्या हुबेहूब आवाजात, "गॅस बंद केलास का?"

मला इथल्या विद्यापीठात भूगर्भशास्त्राला प्रवेश मिळाला. खोली शोधायला मी काही दिवस एकटाच येऊन राहिलो. सामान न्यायला घरी परत गेलो तर आई म्हणाली, "जाताना याला घेऊन जा."

"का? तुलाच सोबत होईल की."

"सोबत?" आई म्हणाली. "तू नसताना तो दिवसभर तुझ्या आवाजात हाका मारतो. आई, भूक लागली. आई, टॉवेल दे. मला ठाऊक असतं तू नाहीस. तरी दर वेळी हातातलं टाकून उठते, दारापर्यंत जाते. मग परत येऊन बसते. नको बाबा."

माझी आई शाळेत विज्ञान शिकवते. हे आत्ताच सांगून ठेवतो, पुढे उपयोगी पडेल.

भाडेकराराच्या पहिल्याच पानावर लिहिलं होतं की जागेत प्राणी, पक्षी व वाद्ये चालणार नाहीत. वकील यांपैकी दोन तरी होता. म्हणून तो मायक्रोवेव्हच्या खोक्यातून आला. दलालाने मदत म्हणून खोकं स्वतः उचललं. दुसऱ्या मजल्यावर खोकं म्हणालं, "गॅस बंद केलास का?" दलाल थांबला. मी पोटावर हात ठेवून म्हणालो, "सॉरी, प्रवासात काहीतरी खाल्लं." तो माझ्याकडे अशा नजरेने बघू लागला की मला करार रद्द होतोय असं वाटलं. पण दलाल हा भावना बाजूला ठेवणारा माणूस असतो.

खोलीची भिंत जिन्याला लागून होती, म्हणून दिवसा मी वकिलाला बाथरूममध्ये ठेवायचो. बाथरूम अगदी मागे, डक्टच्या बाजूला. डक्ट म्हणजे इमारतीच्या पोटातली ती अरुंद पोकळी, जिच्यात सगळ्यांचे पाइप उतरतात आणि सगळ्यांच्या बाथरूमच्या खिडक्या उघडतात. संध्याकाळी आलो की पिंजरा खोलीत. मी असताना वकील फक्त गॅसची चौकशी करायचा. मुलीच्या आवाजात त्याने माझ्यासमोर कधी चकार शब्द काढला नव्हता.

त्या दिवशी बाथरूमचं दार नीट लावायला मी विसरलो होतो. कुरिअरवाला आला, दाराशी उभा राहून मोबाइल बघत बसला, आणि आतून मुलीचा आवाज ऐकून शेजारच्या दारात काकूंना सांगायला गेला, "तुमच्या भाडेकरूच्या घरात कोणीतरी अडकलंय." काकू बाहेर आल्या. त्यांनी आवाज ऐकला. पुढचं तुम्ही पाहिलंत.

"उघड दार," काकू म्हणाल्या. मी उघडलं. सगळे माझ्या चपलांवरून, माझ्या पुस्तकांवरून, माझ्या अंथरुणावरून थेट बाथरूमपर्यंत गेले. पिंजरा दिसला. करार मोडल्याचा पुरावा शॉवरच्या नळीला लटकत होता.

"काकू, मी सांगणारच होतो. हा पोपट आहे, तो नुसता..."

"माझ्या लेकीला यानं कधी पाहिलं?" काकूंनी विचारलं.

"कधीच नाही."

"तिचा आवाज कधी ऐकला?"

"नाही."

"मग?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. आणि ज्या जागी उत्तर नसतं, तिथे बुवा बसतो. हा भूगर्भशास्त्रातला नियम नाही, पण असायला हवा.

बुवाला मावशींनी बोलावून आणलं. त्याला सगळे घंटीबुवा म्हणायचे. हॉटेलच्या काउंटरवर असते ना, टपली मारली की वाजणारी, तसली घंटी तो घेऊन फिरायचा. लांब करडा कोट, आणि बोलण्याआधी दर वेळी घसा खाकरायची सवय, म्हणजे गाडी सुरू होत नाहीये पण होईल असं वाटावं. त्याने वकिलाकडे बघितलं. वकिलाने त्याच्याकडे बघितलं.

"पोपट हिरवा का नाही?" काकांनी विचारलं.

"रंग सोडलाय त्यानं," बुवा म्हणाला. "विरक्त आहे."

मग त्याने घंटी कमोडच्या झाकणावर ठेवली, डोळे मिटले आणि टपली मारली. टिंग.

"आई, छत्री तुझ्याकडेच राहिली," वकील म्हणाला, त्याच मुलीच्या आवाजात.

सगळे ओरडले. सगळ्यांत जास्त दचकला तो स्वतः बुवा. एक पाऊल मागे सरकला, बादलीला अडखळला. हे फक्त मी पाहिलं, कारण बाकीच्यांनी हात जोडून डोळे मिटले होते. बिचाऱ्याची घंटी आयुष्यात पहिल्यांदाच लागू पडली असावी. पण माणूस धंद्यातला होता. लगेच सावरला, घसा खाकरला.

"छत्री! ऐकलंत? आईवरचं छत्र! लेक म्हणते, माझं छत्र तुझ्यावर आहे."

टिंग.

"पडदे निळे घे हं, हिरवे नको."

"पडदा! बाळ, दोघींच्या मध्ये पडदा आहे. कसला, ते मी शोधीन."

टिंग.

"आई, मी निघाले गं. जेवायला थांबू नकोस."

आणि ते हसू. त्याच्यामागून एक लांबलचक सूऽऽ असा आवाज, आणि एक हुंदका.

"ऐका, वाऱ्यावर चालली," बुवा कुजबुजला. "रडतेय, जायचं नाहीये तिला."

तेवढ्यात वकील माझ्या आईच्या आवाजात म्हणाला, "गॅस बंद केलास का?"

"ही माझी आई," मी म्हणालो. "ती जिवंत आहे. सकाळीच फोनवर बोललो."

"आत्म्याला आवाजाचं बंधन नसतं," बुवा म्हणाला. "हा देह म्हणजे गॅस. वेळेवर बंद केलास का, असं विचारतेय ती. प्रश्न फार मोठा आहे, बाळ."

पेन्शनर काका हळूच घरी जाऊन गॅस बघून आले.

त्या दिवसापासून माझी खोली माझी राहिली नाही. पोपट जिथे पहिल्यांदा बोलला तिथून हलवायचा नाही, असा बुवाचा हुकूम निघाला. वकील बाथरूममध्ये कायम झाला आणि रोज संध्याकाळी पंधरावीस माणसं माझ्या अंथरुणावर बसून बाथरूमच्या दाराकडे हात जोडू लागली. मी जगातला बहुधा एकमेव विद्यार्थी असेन, ज्याला स्वतःच्या बाथरूममध्ये जायला बैठक संपायची वाट बघावी लागली. कोणी नोकरीचं विचारायचं, कोणी सुनेचं. पद्धत ठरलेली. बुवा टिंग करायचा, वकील तीनपैकी एक वाक्य बोलायचा, आणि मग बुवा सांगायचा की ते कोणत्या प्रश्नाचं उत्तर आहे. आधी उत्तर, मग प्रश्न. परीक्षेत मला ही सोय मिळाली असती तर मी पहिला आलो असतो.

इथवर गंमत होती. आता गंमत संपते.

काकूंना बरीच वर्षं मधुमेह होता, पोटात रोज दोन वेळा इन्सुलिनची सुई घ्यायच्या. तळमजल्यावर दवाखाना असलेल्या डॉक्टरीणबाईंनी त्यांना स्वतः टोचायला शिकवलं होतं. एका बैठकीत बुवाला अखेर पडदा सापडला.

"रोज रक्तात काय सोडतेस, बाळ?"

"इन्सुलिन," काकू म्हणाल्या.

"तोच पडदा. ती यायला बघते, सुई तिला अडवते. श्रद्धा धर, सुई सोड." त्याने घसा खाकरला आणि पुन्हा म्हणाला, "श्रद्धा धर, सुई सोड."

"मग ती माझ्याशी बोलेल? या तीन वाक्यांशिवाय? मी विचारेन त्याला उत्तर देईल?"

"पोटभर बोलेल."

हे वाक्य तो पुढे रोज म्हणू लागला. काकूंनी आधी संध्याकाळची सुई सोडली. मग सकाळचीही. मी त्यांना जिन्यात गाठून म्हणालो, "काकू, डॉक्टरांना विचारा तरी." त्या थकलेल्या डोळ्यांनी म्हणाल्या, "अरे, डॉक्टरांच्या औषधानं माझी मुलगी येणार आहे का?" यालाही माझ्याकडे उत्तर नव्हतं. दगडांचा अभ्यास करणाऱ्याने इतक्या वेळा निरुत्तर व्हावं हे बरं दिसत नाही.

एक दिवस मी काचेच्या ग्लासात चहा ढवळत होतो. चमचा ग्लासाला लागला. टिंग.

"आई, छत्री तुझ्याकडेच राहिली," बाथरूममधून वकील म्हणाला.

मी चमचा पुन्हा मारला. "पडदे निळे घे हं, हिरवे नको." पुन्हा मारला. "आई, मी निघाले गं." मग सूऽऽ आणि हुंदका. चहा गार होईपर्यंत मी ग्लास वाजवत बसलो. दर वेळी तीच वाक्यं, त्याच क्रमाने, त्याच जागी श्वास, तेच हसू. मेलेली माणसं इतकी शिस्त पाळतात, हे मला मान्य नव्हतं. जिवंतपणी कोणी पाळत नाही.

म्हणजे घंटीत काही नव्हतं. कुठलीही टिंग चालत होती. कुरिअरवाल्याच्या मोबाइलचीही. माझा फोन कायम मुका असतो, म्हणून माझ्यासमोर वकील कधी बोलला नव्हता. बुवाने हे पहिल्याच दिवशी ओळखलं होतं. मला इतके दिवस लागले, याचाच जास्त राग आला.

पण टिंगनंतर मुलगी बोलते, हे वकिलाला शिकवलं कोणी?

दुसऱ्या दिवशी मी दुपारची तासिका बुडवली, गुपचूप घरी आलो आणि बाथरूममध्ये बादली पालथी घालून वकिलासमोर बसलो. बराच वेळ काही नाही. वकील मला गॅसबद्दल विचारत होता. मग डक्टच्या पलीकडे, काकूंच्या बाथरूममध्ये, कडी लागल्याचा आवाज आला. कोणीतरी नळ पूर्ण सोडला. सूऽऽ.

वकील एकदम गप्प झाला. मान तिरकी केली.

टिंग. "आई, छत्री तुझ्याकडेच राहिली." टिंग. "पडदे निळे घे हं, हिरवे नको." टिंग. "आई, मी निघाले गं. जेवायला थांबू नकोस." हसू.

आणि मग काकूंचा हुंदका. एका बाईचा, जिला वाटतं की नळाच्या आवाजात आपलं रडणं कोणाला ऐकू जात नाही.

पुन्हा पहिल्यापासून टिंग. वकील अभ्यास करत होता.

काकूंचा मुलगा परगावी नोकरीला असतो. बहिणीचे फोनवरचे आवाजातले निरोप पुसून टाक, त्याशिवाय तू सावरणार नाहीस, असं तो आईला म्हणाला होता. काकूंनी पुसले असं त्याला सांगितलं. अख्ख्या इमारतीलाही तेच सांगितलं. आणि रोज दुपारी, सगळे झोपले किंवा कामावर गेले की, कडी लावून, नळ सोडून, त्या ते ऐकायच्या. प्रत्येक निरोप सुरू होताना फोन टिंग करायचा. त्यांनी फोन लपवला होता, मी पोपट लपवला होता. दोघांनी एकमेकांपासून लपवायला एकच डक्ट निवडला होता. एवढाच चमत्कार.

मी ठरवलं, हे काकूंना एकट्यांना सांगायचं. दुसऱ्या दिवशी बैठकीच्या थोडं आधी त्यांच्या दाराशी गेलो. आतून हाक आली, "ये." त्या खुर्चीत बसल्या होत्या. समोर पाण्याचे दोन तांबे. ओठ सुकलेले, श्वास खोल आणि भरभर. आणि खोलीत वास होता, अति पिकून सडायला लागलेल्या फळासारखा.

"आला ना तुलाही वास?" काकू अस्पष्ट हसल्या. "बुवा म्हणतात, देहाला सुगंध सुटलाय. ती आता जवळ आलीय. आज बोलेल."

मी काहीच न सांगता जिने उतरलो आणि दवाखान्यात घुसलो. डॉक्टरीणबाई कोणाचं तरी ब्लडप्रेशर घेत होत्या. वासाचं सांगताच त्यांनी पट्टा त्या माणसाच्या हातावर तसाच ठेवला आणि बॅग उचलली. मी अँब्युलन्सला फोन लावत त्यांच्यामागे धावलो.

आम्ही वर पोचेस्तोवर काकूंना धरून माझ्या खोलीत आणलं होतं. बैठक भरली होती. माणसं एकेक करून काकूंच्या तोंडाजवळ वाकत होती आणि तो वास छातीत भरून घेत होती. मावशींनी तर आपल्या मुलाला पुढे केलं होतं, "घे रे, अभ्यासाला बरं."

"बाजूला व्हा!" डॉक्टरीणबाई ओरडल्या. बोटाला सुई टोचून त्यांनी यंत्रात बघितलं. त्यांचा चेहरा पाहून मला वाचायची गरज राहिली नाही. "इन्सुलिन कधीपासून बंद आहे?"

मावशींनी मुलाला मागे ओढलं.

"सुगंध म्हणे! इन्सुलिन नसलं की रक्तात साखर पडून राहते, शरीराला वापरता येत नाही. मग ते स्वतःची चरबी जाळत सुटतं आणि रक्तात विष साठतं. त्याचा वास आहे हा. मरायला टेकलेल्या बाईचा श्वास हुंगताय तुम्ही सगळे. औषध कोणी बंद करायला सांगितलं?"

सगळ्या माना बुवाकडे वळल्या. बुवाने कोट सारखा केला.

"मी? मी कोणाला औषध सोडा असं कधीच सांगत नाही. विचारा कोणालाही. मी कधी असा शब्दसुद्धा..."

बाथरूममधून कोणीतरी घसा खाकरला. गाडी सुरू होत नाहीये, पण होईल, तसा.

"श्रद्धा धर, सुई सोड," वकील म्हणाला. बुवाच्या आवाजात, बुवाच्या ठसक्यात. "श्रद्धा धर, सुई सोड."

पेन्शनर काकांनी, अगदी मनापासून, काळजीने विचारलं, "बुवा... तुम्ही कधी गेलात?"

"काय?"

"नाही म्हणजे, यात मेलेलीच माणसं बोलतात ना? तुम्हीच म्हणाला होतात."

आधी कोणीतरी मागे खुदकन हसलं. मग हसू पसरत गेलं. बुवा दाराकडे सरकू लागला. मावशी दारात उभ्या होत्या. त्यांनी गळ्यातली टेप काढून हाताला गुंडाळली आणि म्हणाल्या, "अँब्युलन्स येईस्तोवर बसा की. पोलीसही येतील. पोटभर बोला."

पण काकू हसल्या नव्हत्या. खुर्चीच्या हातावर जोर देऊन त्या सरळ बसल्या. प्रत्येक शब्दाला त्यांना श्वास घ्यावा लागत होता.

"बुवाचं तो ऐकून शिकला. मान्य. माझ्या लेकीचं कुठून शिकला? तिला तर त्यानं कधी ऐकलंच नाही. सांग तू. सांग ना."

हात पुन्हा जुळायला लागले होते. काकू माझ्याकडे बघत होत्या आणि आता पहिल्यांदाच माझ्याकडे उत्तर होतं. ते नसतं तर बरं झालं असतं.

मी त्यांच्यापाशी खाली बसलो. "काकू," मी हळू म्हणालो, "दुपारी नळ सोडता ना, तेव्हा तो डक्टमधून ऐकतो. तुमचे निरोप. मीही ऐकले, काल."

अख्ख्या इमारतीसमोर मी त्यांची कडी काढली होती. मग त्यांनी कमरेशी खोचलेला फोन काढला. डॉक्टरीणबाईंनी शीर शोधायला धरलेला दुसरा हात त्यांनी तसाच राहू दिला. अंगठ्याने काहीतरी दाबलं.

टिंग.

"आई, छत्री तुझ्याकडेच राहिली," फोन म्हणाला. "आई, छत्री तुझ्याकडेच राहिली," बाथरूम म्हणालं. एकाच दमात, एकाच सुरात, अक्षर न चुकता. टिंग. दोन्हीकडून पडदे निळे. टिंग. दोन्हीकडून ती निघाली. दोन्हीकडून हसली.

फोन तिथे थांबला. वकील थांबला नाही. त्याने नळ सोडला, सूऽऽ, आणि मग काकूंच्या स्वतःच्या आवाजात, काकूंसमोर, तो रडला.

काकूंनी ते शेवटपर्यंत ऐकलं.

"ही मी आहे," त्या म्हणाल्या. आणि मग डॉक्टरीणबाईंना, "टोचा."

काकू वाचल्या. थोडक्यात. बरेच दिवस त्या अतिदक्षता विभागात होत्या, मूत्रपिंडांना इजा झाली ती झालीच. अँब्युलन्समध्ये चढवताना डॉक्टरीणबाई मला म्हणाल्या होत्या, "एक दिवस उशीर झाला असता तर तुझा पोपट खरंच मेलेल्या बाईच्या आवाजात बोलला असता." हा विनोद नव्हता, मी तपासून पाहिलं. बुवाला पोलीस घेऊन गेले. तो सुटेल किंवा सुटणार नाही, पण घंटी कुठल्याही दुकानात मिळते. माझी काळजी तीच आहे.

म्हणून एवढंच लिहितो. न कळलेल्या गोष्टीचं उत्तर ‘अजून कळलं नाही’ असं असतं, ‘चमत्कार’ असं नसतं. आवाज आला तर हात जोडण्याआधी नळ कुठे आहे ते बघा. दुःखी माणूस मूर्ख नसतो. माझी विज्ञान शिकवणारी आईसुद्धा पोपटाच्या हाकेला दारापर्यंत जात होती. पण ती दारातून परत यायची, कारण दाराबाहेर घंटी घेऊन कोणी बसलं नव्हतं. तुमच्या दाराबाहेर बसलं असेल आणि चालू औषध सोड म्हणत असेल, तर त्याला आधी हाकला. वाद नंतर घाला.

काकू घरी आल्या त्यानंतर त्यांनी मला बोलावलं. म्हणाल्या, "दुसरी खोली बघ."

"करारात होतंच, काकू. पक्षी चालत नाही."

"तुला नाही रे काढत. त्या आवाजाला काढतेय. सारखा ऐकू आला तर मी परत त्या बाथरूममध्ये जाऊन बसेन."

अशा रीतीने वकील एकाच गुन्ह्यासाठी दुसऱ्या घरातून हद्दपार झाला.

सामान टेम्पोत चढलं. आता लपवायचं काही नव्हतं, पिंजरा उघड्यावर, पुढच्या सीटवर ठेवला. काकू काठी टेकत खालपर्यंत आल्या. टेम्पोवाल्याने चावी फिरवली आणि तेवढ्यात त्याच्या मोबाइलवर घरून एकामागून एक निरोप यायला लागले.

टिंग. छत्री. टिंग. पडदे. काकू हलल्या नाहीत. मी पिंजऱ्यावर टाकायला चादर शोधू लागलो. टिंग.

"आई, मी निघाले गं. जेवायला थांबू नकोस."

अपघाताच्या दिवशीच्या त्या निरोपाला काकूंना तेव्हा उत्तर द्यायचं राहून गेलं होतं. हात पिठात होते, मग देऊ म्हणाल्या होत्या.

त्या खिडकीपाशी आल्या. पिंजऱ्याच्या तारेवर एक बोट ठेवलं.

"सावकाश जा हं," त्या म्हणाल्या.

मग माझ्याकडे वळल्या. "पोपट आहे. माहितीये मला. तोंड असं करू नकोस." आणि काठी सावरत जिन्याकडे निघाल्या. "चल, जा तू. माझी सुईची वेळ झालीय."